वरची दोन डबकी

पुणे, ११ मे

प्रिय बंड्या,

चौदा महिने झाले, तुला पत्र नाही. दिवाळीत तू 'जिवंत आहेस का' असं विचारलं होतंस, त्यावर मी नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा तेव्हापासून मला टोचतोय. या आठवड्यात चार वेळा फोन लावायला घेतला आणि ठेवला. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी चिडतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा चढताना कुरकुरतो, उतरताना जास्त. हिचं बरं आहे. झालं.

मी झऱ्यावर गेलो होतो.

आईच्या आजारपणात तीन उन्हाळे गेले, ते तुला माहीत आहे. यंदा म्हटलं, काही झालं तरी मे उजाडायच्या आत एकदा जायचंच. फाट्यावर उतरून दीड तास चालायची ती आपली वाट आता कुणी चालत नाही. देवळापर्यंत डांबरी रस्ता झालाय. पहाटे साडेपाचला पोचलो तर देवळाशी पाच गाड्या उभ्या. एक इंदूरची. मला वाटलं, जत्रा असेल.

खालच्या डबक्यासमोर, जिथे आपण गोणपाटाचा तंबू ठोकायचो, तिथे हिरव्या जाळीची लांब हाइड आहे, म्हणजे लपून फोटो काढायचा आडोसा. आत बारा स्टुलं. जाळीला बारा भोकं, भिंगाच्या मापाची. डबक्याला कडेनं दगड लावून ते छान उथळ केलंय, मधे बोटभर पाणी, कडेला नखभर. पाण्याच्या मागे शेवाळ गुंडाळलेल्या तीन काटक्या रोवल्यात, पाखरानं कुठे बसायचं ते ठरवून ठेवल्यासारख्या. हे सगळं चालवतो आबांचा नातू. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो शेंबूड पुसत आबांचं धोतर धरून उभा असायचा. आता सव्वीस वर्षांचा आहे, दाढी राखलीय, आणि डोळे अगदी आबांचे. माणशी आठशे रुपये, त्यात पोहे आणि दोन वेळा चहा. मला ओळखलं. पाया पडला. पैसे घेईना. मी बळंच दिले.

बंड्या, सकाळ काय सांगू तुला. आधी सहाच्या सुमारास लालबुड्या बुलबुल आले, दोघं, नेहमीसारखे पहारेकरी. त्यांनी धडाधड आंघोळ केली तशी बाकीच्यांना खात्री पटली. मग चष्मेवाल्या पाखरांची टोळी, सोळा-सतरा तरी असतील, एकमेकांच्या अंगावर पडत. मुनिया नऊच्या पुढे, ऊन चढल्यावर. दाणे खाणारी जात, कोरडं खाणं, त्यांना रोज पाणी लागतंच. माशीमारासारखं किड्यातून त्यांचं भागत नाही. दुपारी सगळं सुस्त झालं तेव्हा नारिंगी डोक्याचा कस्तुर पाचोळ्यातून चालत आला, एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं, एक टाकायचं आणि थांबायचं. तो तसा थांबला की तू श्वास धरायचास आणि मग न राहवून शिंकायचास. त्या नवरंगाच्या वेळची तुझी शिंक मला अजून ऐकू येते. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा पक्षी, चार दिवस आपण त्याची वाट बघत बसलेलो, आणि तू! त्या दिवशी मी तुला मारला असता. आता आठवलं की हसू येतं. हिला सांगितलं तर तीही हसली, म्हणाली, 'बंडूभावजींना अजून तशीच शिंक येते, लग्नात ऐकली.'

पावणेचारला तो आला. पांढरा नर, शेपटीचे दोन्ही लांब बाण पूर्ण. शेजारच्या स्टुलावरचे इंदूरचे गृहस्थ एकदम 'दूधराज, दूधराज' असं पुटपुटायला लागले. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी आहे तो, त्यांना घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. आपला स्वर्गीय नर्तक कसा आंघोळ करतो ते तुला सांगायला नको. फांदीवरून सूर मारायचा, छाती पाण्याला लावायची आणि उलटा फिरून पुन्हा फांदीवर. पाच वेळा, सहा वेळा. आपल्या वेळी छत्तीस फ्रेमचा रोल, भरपूर उजेड मागणारी शंभर आयएसओची फिल्म, आणि हाताने भिंग फोकस करता करता तो परत फांदीवर. पांढऱ्या पिसांवर ऊन पडलं की स्लाइडवर नुसता चुना. आता मुलाचा जुना कॅमेरा घेऊन गेलो होतो. तो पाखराचा डोळा स्वतः धरून ठेवतो, सेकंदाला वीस फ्रेम, आवाजसुद्धा नाही. मी फक्त दोन तृतीयांश स्टॉप उजेड कमी केला आणि बोट दाबून धरलं.

मिळाला, बंड्या. छाती पाण्याला टेकलेली, दोन्ही बाण वर कमानीसारखे, पाण्यात पूर्ण प्रतिबिंब, आणि थेंबांची एक माळ पंखापासून सुटलेली. आयुष्यात इतका चांगला फोटो मी काढलेला नाही. पडद्यावर बघितला आणि माझे हात कापायला लागले. तुला दाखवावा असं इतक्या जोरात वाटलं की मी खरोखर डावीकडे वळलो. तिथे इंदूरकर होते.

इथपर्यंत सगळं आनंदाचं.

मग पाय मोकळे करायला म्हणून वर निघालो. आबांचा नातू मागून ओरडला, "सर, वर काय नाय, खालीच बसा." मला वाटलं, माझ्या गुडघ्याची काळजी.

वरची दोन्ही डबकी बुजवलीत.

उंबराखालचं पहिलं पूर्ण दगडांनी भरलंय, वर सिमेंटची रिकामी पोती. खडकाच्या फटीतलं दुसरं, ज्यात ओंजळ बुडवून आपण पाणी प्यायचो, त्यात बोराटीचे काटे गच्च कोंबलेत. पाणी आहे खाली. काट्यांच्या आत ते चमकताना दिसतं. पण चोच घालायला जागा नाही. मी बघत उभा होतो तेवढ्यात सात-आठ मुनिया आल्या. काट्यांवर बसल्या. एक आत डोकवायची, मागे सरायची, दुसरी डोकवायची. त्यांना पाणी दिसत होतं. मिनिटभर असं चाललं, मग सगळ्या खाली उडाल्या, हाइडकडे.

आणि त्या डबक्यावर वाकलेल्या जांभळीच्या फांदीला, माझ्या डोक्याच्या हातभर वर, घरटं. कोळिष्टकांनी लिंपलेली पेल्याएवढी वाटी. त्यात तो बसला होता. तोच असेल किंवा दुसरा, पण पांढरा नर, अंडी उबवत, आणि दोन्ही बाण वाटीबाहेर लोंबत होते. मादीसारखा तोही बसतो, हे आपण वाचलं होतं, पण इतकी वर्षं एकदाही बघायला मिळालं नव्हतं. पाण्यावर घरटं बांधलंय त्यानं, आणि त्या पाण्यात काटे.

फोटो काढला नाही. मागे सरलो आणि खाली आलो.

खाली आल्यावर मग बाकीचं दिसायला लागलं. डबक्याच्या मागची करवंदीची जाळी आठवते? तीतून सगळी पाखरं टप्प्याटप्प्यानं पाण्यावर उतरायची. ती छाटून टाकलीय, का तर फोटोला मागचा भाग स्वच्छ हिरवा यावा. एका उडीत लपता येईल असं झुडूप नसेल तर छोटं पाखरू पाण्यावर जिवावर उदार होऊन उतरतं. साडेचारला शिक्रा आला. एकदम सगळा आवाज बंद झाला, तुला तो बंद होणारा आवाज माहीत आहे, आणि पुढच्या क्षणाला एक चष्मेवाला त्याच्या पायात. जाळी असती तर कदाचित वाचला असता, कदाचित नाही. शिक्र्यालाही पिल्लं असतील, त्याच्यावर माझा राग नाही. पण हाइडमधून कुणीतरी म्हणालं, "मिळाला, मिळाला!" आणि आणखी एक जण पलीकडून, "उत्तराखंडात सातताललासुद्धा असं मिळत नाही." मला तिथे बसवेना.

मी नातवाला बाजूला घेतलं. रागावूनच बोललो. वरची डबकी का बुजवलीस म्हणून विचारलं. त्याला माझा राग कळलाच नाही. सरळ म्हणाला, "उघडी ठिवली तर पाखरं खाली कशाला येत्याल?" मी म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? तर हसून म्हणाला, "आबा सांगायचा. तुमीच पोती टाकली व्हती की पयल्यांदा. त्येला पन्नास रुपये दिल्ते दगड उचलायचे."

आता मी तुला जे सांगणार आहे ते अर्धं तुला माहीत आहे.

१९ मे १९९६ चा रविवार. पाखरं वरच्या दोन डबक्यांवर सावलीत प्यायची, तिथे शंभरच्या फिल्मवर शटरचा वेग १/३० सेकंदाच्या वर जात नव्हता, फोटो हलायचा. खालच्या डबक्यावर ऊन होतं. मी वरच्या दोन्हींवर ओली पोती अंथरून दगड ठेवले. तू दुपारी डबा घेऊन वर आलास, बघितलंस, आणि एक शब्द न बोलता पोती ओढून खाली फेकलीस. मग बोललास. काय काय बोललास ते मी लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेल. मीही कमी बोललो नाही. 'एका दिवसानं काय मरतात का' हे माझं वाक्य. 'तुला पाखरू नको, फोटो हवाय' हे तुझं. दोन वेगळ्या एसट्यांनी आपण घरी आलो आणि गणपतीपर्यंत बोललो नाही. चार महिने. शेवटी तुझी आई मोदक घेऊन आमच्याकडे आली म्हणून.

तेव्हापासून मी हेच धरून चाललो की एक दिवस, तोही अर्धाच, आणि तू उगाच आकांडतांडव केलंस. तूही पुढे कधी तो विषय काढला नाहीस.

बंड्या, मी त्या गुरुवारी परत गेलो होतो. एकटा. बँकेत रजा टाकून. आबांना पन्नास रुपये दिले आणि त्यांच्याकडून दोन्ही डबकी झाकून घेतली, पोती, वर दगड. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस, ऐन मे महिन्यात, घरट्यांच्या दिवसांत. आबांनी एकदा विचारलं होतं, "पाखरांनी काय करायचं मग?" मी म्हटलं, खाली येतील. आली. शनिवारी दुपारी पांढरा नर आला. तीच ती स्लाइड.

तुझ्या लग्नात तुला दिलेली. बडोद्याला तुझ्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आहे ती. तू विचारलंस, कुठला रे हा, तर मी म्हटलं, सिंहगडाच्या दरीतला, आदल्या वर्षीचा. दरीतल्या पाणवठ्यावर आपण दोघं शिकलो, तिथला म्हटलं की तू आणखी काही विचारणार नाहीस हे मला माहीत होतं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तू अभिमानानं 'आमच्या पक्याचा, सिंहगडचा' असं सांगतोस. दर वेळी मी त्या सोफ्यावर फोटोकडे पाठ करून बसतो, तुझ्या कधी लक्षात आलं का, माहीत नाही.

आता माझा प्रश्न. मी त्या पोराला काय सांगू? रात्र रात्र तोच विचार चाललाय.

तो वाईट पोरगा नाही. हे आधी ऐकून घे, म्हणजे तू लगेच दांडकं घेऊन निघणार नाहीस. एप्रिलअखेर झऱ्याची धार करंगळीएवढी होते, मेच्या शेवटी नुसता ओलावा. तेव्हा तो देवळाच्या हातपंपावरून रोज दोन वेळा खांद्यावर कावड करून वीस-वीस लिटरचे डबे वर नेतो. मी स्वतः बघितलं, खांद्याला घट्टा पडलाय. त्या दहा-पंधरा दिवसांत त्या डोंगरबगलेवरच्या पाखरांना पाणी मिळतं ते त्याच्या खांद्यामुळे. आपल्या वेळी झरा आटला की आपण म्हणायचो, आटला, आणि घरी यायचो. त्या पैशावर त्यानं बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. पुण्याला येऊन वॉचमनची नोकरी करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

पण बारा स्टुलांसाठी तो काय काय करतो तेही खरं. पाण्याच्या कडेला दगडाच्या खळगीत मीलवर्म, म्हणजे विकतचे जिवंत किडे, टाकतो, माशीमार त्याच त्या काटकीवर परत यावा म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही धरलंय, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो घाबरला. मला वाईट वाटलं घाबरवल्याचं. नवरंग यायला लागले की मोबाइलवर त्यांची शीळ वाजवतात, बाहेरून आलेले लोकच मागणी करतात म्हणे. शेकडो मैल उडून आलेला पक्षी, जागा धरायच्या घाईत, त्याला वाटतं दुसरा नर आलाय, आणि तो भांडायला उघड्यावर येतो. दिवसभर. कुणाशी भांडतोय, तर एका डबीशी. शिवाय सगळी पाखरं एकाच वाटीएवढ्या पाण्यावर. होल्यांच्या घशातला रोग अशाच पाण्यातून पसरतो, तुला ते कबुतरांचं प्रकरण आठवत असेल. म्हटलं, रोज घासतोस का? म्हणाला, "पानी भरायलाच पाठ मोडती, घासू कवा?" याला काय उत्तर आहे?

मी त्याला एवढं म्हटलं की वरची दोन उघड, करवंदी वाढू दे, शीळ आणि किडे बंद कर, आठवड्यातून दोन दिवस हाइडला सुट्टी दे. लोक त्या वेळीही येतील. आले नाहीत तर तुझा तोटा काही दिवस मी भरून देतो. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मग म्हणाला, "आन् तुमी गेल्यावर?" मला बोलता आलं नाही. मी आठ हजार पेन्शनमधून दर महिन्याला देईन, पण किती वर्षं? आणि पैसे देऊन डबकं झाकायला लावणारा मी, आता पैसे देऊनच उघडायला लावतोय. हे बरोबर आहे का? तू सांग. मला खरंच कळत नाही. तुला माणसं समजतात. आबा तुझ्याशी तासभर बोलायचे, माझ्याशी फक्त पाखरांपुरते.

आणि तो नवा फोटो. मुलानं बघितला आणि माझ्या परवानगीशिवाय आमच्या गटात टाकला. दोनशे लोकांनी वा वा केलं. एका कॅलेंडरवाल्यांनी मागितलाय, मे महिन्याच्या पानासाठी. मी अजून हो म्हटलेलं नाही. डोळ्यांपुढे सारखं तेच पाणी येतं, आणि त्याच्या वर शंभर पावलांवर काटे. हिचं म्हणणं, फोटो चांगला आहे तर आहे, पाखराला काय माहीत. तुझं काय म्हणणं असेल ते मला माहीत आहे, तरी लिही.

तुझ्या मुलीच्या नोकरीचं कळलं, तिला माझा आशीर्वाद सांग. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? थेंब वेळेवर घालायला सांग, तूच विसरशील. गच्ची गळते म्हणत होतास तिचं काय झालं? पावसाच्या आत करून घे. आणि तो नीलमणी पक्षी आधी मला दिसला होता, हे मी आजही म्हणतो, पण आज त्यावर भांडत नाही.

रविवारी पहाटे परत जातोय. नातवाला फोन केला. डबकी उघडायला नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. "या, बघू," एवढंच. मृगाला अजून चार आठवडे आहेत. त्या जांभळीवरची पिल्लं तोवर बाहेर पडतील. निदान तेवढे दिवस तरी त्यांच्या खालचं पाणी मोकळं असावं, बाकीचं नंतर. घरट्याच्या इतक्या जवळ काटे ओढताना नर उठून जाऊ नये, म्हणून भल्या पहाटे न करता दहानंतर, ऊन चढल्यावर, थोडं थोडं काढायचं असं ठरवलंय. त्या वेळी अंडी थोडी उघडी राहिली तरी गार पडणार नाहीत. चुकत असेन तर शनिवारच्या आत कळव.

बोराटीचा काटा वाईट असतो, म्हणून बोहरी आळीतून चामडी हातमोजे आणले. दोन जोड. एक तुझ्या हाताच्या मापाचा आहे.

तुझा,
पक्या

ता. क. फ्रेमच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली होती, 'सिंहगड, मे १९९५' अशी. ती काढून टाक. आपला झरा, २५ मे १९९६, असं लिही. फोटो भिंतीवर ठेवायचा की नाही ते तू ठरव.